एका गुंठ्यात अख्खं भरीत

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. जळगाव शहराच्या कडेला पडून असलेल्या शेताचे असे गुंठ्या-गुंठ्याचे वाटे पाडायचे, वर्षाच्या बोलीवर घ्यायचे आणि बोअरचं पाणी वाटून घ्यायचं, अशी भाजी आम्ही काही घरं मिळून पिकवतो. नवा माणूस वाटा घेतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात सतरा भाज्या लावतो. दोन गिलक्याचे वेल, चार भेंड्या, ओळभर गवार, कोपऱ्यात गंगाफळ. ऑक्टोबर उजाडतो तेव्हा गंगाफळ सगळ्या वाट्यावर पसरलेलं असतं आणि बाकीचं सगळं त्याच्याखाली. म्हणून आम्ही आता उलटीकडून सुरुवात करतो. हिवाळ्यात ताटात काय हवं ते आधी ठरवायचं. खान्देशात या प्रश्नाला फार उत्तरं नाहीत.

भरिताला लागतात वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात, लसूण, कोथिंबीर आणि शेंगदाणे. तेल-मीठ सोडलं तर हे सगळं एका गुंठ्यात बसतं, आणि वांगी भाजायच्या काट्यांसाठी, म्हणजे वाळलेल्या काड्यांसाठी, बांधावर तुरीची एक ओळ. तारीखही बांधलेली आहे, चंपाषष्ठी. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगं सुटतं. तिथी कधी नोव्हेंबरच्या अखेरीस येते, कधी डिसेंबरच्या मध्यावर. आम्ही १ डिसेंबर धरून मागे मोजतो. लागवडीपासून पहिला तोडा साधारण ८० दिवसांनी, तिसरा तोडा त्यानंतर दहाएक दिवसांनी, आणि ट्रेमधलं रोप तयार व्हायला ३५ दिवस. हे झाले १२५ दिवस. म्हणजे वांग्याचं बी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पडलं पाहिजे. पहिल्या तोड्यावर भरवसा ठेवत नाही, त्यात निम्मी फळं बुटकी किंवा वाकडी निघतात.

गुंठ्याची मांडणी अशी. दक्षिणोत्तर आठ गादीवाफे, मध्यापासून मध्यापर्यंत ४ फूट. त्यातला अडीच फूट माथा, दीड फूट सरी. चार वाफे वांग्याला, दोन भुईमुगाला, एक मिरचीला. आठवा पावसाळ्यात पोकळा आणि आंबट चुक्याला, पुढे लसणाला. भुईमूग ऑक्टोबरात निघतो आणि त्याच दोन वाफ्यांत पात आणि कोथिंबीर जाते. जागा मोकळी राहत नाही आणि शेंगांच्या मागे लावलेल्या कांद्याला खतही कमी लागतं.

गादी किती उंच? आमच्या काळ्या जमिनीत एक वीत, म्हणजे ९ इंच. सहा इंच केली तर सप्टेंबरच्या दोन जोरदार पावसांत ती बसून चार इंचांवर येते. काळी माती पाणी धरून ठेवते, तोच तिचा गुण आणि तीच तिची खोड. मुळांशी दोन दिवस पाणी उभं राहिलं की वांग्याची खालची पानं पिवळी पडतात आणि माणूस समजतो खत कमी पडलं. मग युरिया टाकतो. गादी घालायची ती वाफशावरच. मूठभर माती दाबली आणि बोटाने टोकरल्यावर ती फुटली तर वाफसा आहे. चकचकीत गोळा झाला आणि हाताला चिकटला तर दोन दिवस थांबा. ओल्या मातीत कुदळ घातलीत तर विटेसारखी ढेकळं होतात आणि ती पुढचा उन्हाळा तापून भेगाळेपर्यंत फुटत नाहीत.

वांग्याचे चार वाफे जूनपासून सप्टेंबरपर्यंत रिकामे असतात. त्यात पहिल्या पावसावर ताग फेकतो, अर्ध्या गुंठ्याला ३०० ग्रॅम बी. फुलावर यायच्या सुमारास, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, विळ्याने कापून तिथेच गाडायचा. लागवडीआधी त्याला कुजायला किमान तीन आठवडे द्यावे लागतात. अर्धवट कुजलेल्या तागात रोप लावलं तर कुजणारा पाला जमिनीतलं नत्र ओढून घेतो आणि रोप महिनाभर जागचं हलत नाही.

बियाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण निम्मी चूक इथेच होते. भरताचं वांगं म्हणजे फिकट हिरवं, पांढरट रेघांचं, पातळ सालीचं, कमी बियांचं मोठं वांगं. यावल तालुक्यातलं बामणोद या वांग्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. जांभळ्या मोठ्या वांग्याचंही भरीत होतं, नाही असं नाही, पण ते दुसऱ्या गावचं. आठवडी बाजारात जुडीने मिळणारं रोप आम्ही घेत नाही. जात कोणती ते फळ लागेपर्यंत कळत नाही आणि मुळांसोबत सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या, गाठी येतात. एकदा त्या गाठी वाट्यात आल्या की वर्षानुवर्षं जात नाहीत. खात्रीच्या शेतकऱ्याकडून एक ग्रॅम बी आणा. एका ग्रॅममध्ये दोनशेच्या आसपास बिया असतात आणि आपल्याला लागतात ६०. चार वाफ्यांत ३ फुटांवर एक, म्हणजे वाफ्याला ११ आणि एकूण ४४ झाडं. वरची रोपं नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला.

हो, ४ बाय ३ फूट. नव्या माणसाला हे अंतर फार वाटतं. रोप बोटभर असतं, मधली जागा रिकामी दिसते, मग तो मध्ये आणखी एक खुपसतो. नोव्हेंबरात ही झाडं कमरेला लागतात, फांद्या एकमेकांत घुसतात, आत ऊन-वारा जात नाही, अळी लपते आणि वांगं कुठे आहे ते हाताने चाचपावं लागतं. वाढवलेल्या झाडांनी माल वाढत नाही, फळ लहान होतं.

रोपं ९८ कप्प्यांच्या एका ट्रेमध्ये करतो. तीन भाग भिजवलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. बियांना ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, चोळायचा, किलोला ५ ग्रॅम या हिशेबाने म्हणजे आपल्या बियांना चिमटीभरसुद्धा नाही. एका कप्प्यात एक बी, अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रेवर ४० मेशची जाळी कमानीवर ताणायची आणि तिच्या कडा मातीत दाबायच्या. ही जाळी उन्हासाठी नसते. पांढरी माशी आणि तुडतुडे रोपावर बसू नयेत म्हणून असते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा झारीच असते. ट्रे उचलून पाहा. जड असेल तर पाणी नको. लागवडीआधी चार दिवस पाणी तोडत आणायचं आणि जाळी काढायची, रोप कणखर होतं.

लागवड संध्याकाळी. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा कालवून रोपांच्या मुळांचा गड्डा त्यात बुडवायचा आणि लावायचा. रोप कप्प्यात होतं तेवढंच खोल, जास्त नाही.

खताचा हिशेब अर्ध्या गुंठ्याचा, म्हणजे वांग्याच्या चार वाफ्यांचा. चांगलं कुजलेलं शेणखत १०० किलो, सिंगल सुपर फॉस्फेट दीड किलो, म्युरेट ऑफ पोटॅश ४०० ग्रॅम, हे सगळं गादीत मिसळून. युरिया एकूण १६०० ग्रॅम, पण चार हप्त्यांत: लागवडीला, तीस दिवसांनी, पन्नास-पंचावन्न दिवसांनी आणि पहिल्या तोड्यानंतर. एका हप्त्याला झाडामागे ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. तो खोडापासून एक वीत लांब, ओल असताना, आणि मातीखाली. आपली माती चुनखडीची. वर पडलेल्या युरियातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. मूठ भरून टाकणाऱ्याचं झाड दिसायला फार देखणं होतं, काळंभोर, रुंद पानांचं. तुडतुड्यांना आणि मावा-अळीला तेच झाड आवडतं, आणि फुलं गळतात तीही त्याचीच.

पाण्याचं गणित प्रत्येक वाट्यात चुकतं, म्हणून ते मोजूनच घ्या. आमच्याकडे ५०० लिटरची टाकी सहा फुटी स्टँडवर आहे आणि प्रत्येक गादीवर १६ मिलिमीटरची एक इनलाइन नळी, ४० सेंटिमीटरवर ड्रिपर. ड्रिपरवर ताशी ४ लिटर लिहिलेलं असतं. ते आकडे दहाएक मीटर उंचीच्या दाबाचे. सहा फुटांवरच्या टाकीतून तोच ड्रिपर ताशी दीड ते दोन लिटर देतो. मातीत डबी पुरून तिच्यावर ड्रिपर ठेवा, पंधरा मिनिटांत पडलेलं पाणी मोजा आणि चारने गुणा. शेवटच्या टोकाचा ड्रिपरही मोजा. झाडामागे दोन ड्रिपर धरले तर दीड तासात साडेचार ते ६ लिटर होतात, आणि फळं लागलेल्या झाडाला हिवाळ्यात एक दिवसाआड एवढं पुरतं. लहान झाडाला त्याच्या निम्मं. बोअरचं पाणी जड आहे, क्षार बसतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी नळ्यांची शेवटची टोकं उघडून पाणी धो धो सोडायचं.

ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी दोन वाजता वांग्याची पानं मान टाकतात. ते बघून नळ सोडायचा मोह होतो. सोडू नका. सकाळी सात वाजता येऊन बघा. सकाळी पानं ताठ असतील तर झाडाला पाण्याची गरज नव्हती, ते फक्त उन्हापुरतं मिटलं होतं. सकाळीही लोंबत असतील तर चार इंच खोलीवरची माती काढून गोळा करून पाहा. माती कोरडी निघाली तर पाणी द्या. ओल भरपूर आणि तरी झाड सुकलेलं असेल तर ती मर किंवा मूळकूज आहे, पाण्याने ती वाढतेच. असं झाड मुळासकट उपटून वाट्याबाहेर न्यायचं, आणि त्या खड्ड्यात नांगा भरायचा नाही.

फुलगळीनेही लोक घाबरतात. वांग्याच्या फुलात मधली केसरदांडी पिवळ्या परागकोशांच्या वर डोकावत असेल तर फळ धरतं. आत दडलेली, आखूड असेल तर ते फूल गळणारच, त्याला औषध नाही. झाडावर दोन्ही प्रकारची फुलं असतात. उष्णता, नत्राचा अतिरेक आणि पाण्याची ओढाताण झाली की आखूड दांडीची फुलं वाढतात. ऑक्टोबर हीटमधली गळ सोडून द्या. दिवाळीनंतर रात्री गार झाल्या की फळधारणा सुधारते.

आता अळी. शेंडे आणि फळं पोखरणारी ही अळी एका घराने आवरून आवरत नाही, त्यासाठी सगळे वाटे लागतात. पतंग पानावर अंडी घालतो, अळी बाहेर येते आणि काही तासांत कोवळ्या शेंड्यात किंवा फळात शिरते. एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, तिला पत्ता लागत नाही. आत ती साधारण दोन आठवडे राहते, मग बाहेर पडून वाळल्या पानांत किंवा मातीत कोष करते. आपल्या हातात आहेत ते हे दोन आठवडे. आठवड्यातून दोनदा, आम्ही बुधवार आणि रविवार ठरवलेत, प्रत्येकाने कात्री घेऊन वाट्यातून फिरायचं. एखादाच शेंडा सुकून वाकलेला दिसला की त्याच्याखाली एक इंच अंतरावर कापायचा. कापलेल्या दांडीत भोक दिसलं तर आणखी खाली. भोक पडलेली फळंही काढायची. कापलेलं सगळं झाकणाच्या बादलीत टाकायचं आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचं. बांधावर फेकलेल्या शेंड्यातून अळी निवांत बाहेर येते आणि कोष करते. कंपोस्टच्या खड्ड्यातही नको. एक वाटेकरी गावाला गेला आणि त्याचे दोन आठवडे चुकले तर पुढच्या महिन्यात शेजारच्या चार वाट्यांत भोकं दिसतात. म्हणून गावाला जाणाऱ्याचा वाटा शेजाऱ्याने बघायचा, हा आमच्याकडचा एकमेव कडक नियम आहे.

कामगंध सापळा लावतो, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणारा, ल्युसील्युर या गंधाचा, झाडाच्या शेंड्यापेक्षा वीतभर उंच, आणि झाड वाढेल तसा वर सरकवत. त्यात फक्त नर पतंग अडकतात. गुंठ्याला एक सापळा म्हणजे पाहणीचं साधन, त्यावर अळी संपेल असं धरू नये. पतंग वाढले की शेंडे जास्त बारकाईने बघायचे, एवढंच. निंबोळी अर्क पंधरा दिवसांनी: ५०० ग्रॅम निंबोळीचा भरडा फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी पिळायचा, १० लिटरपर्यंत पाणी वाढवायचं, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारायचं. तुडतुडे आणि पांढरी माशी यांना ते पुरतं. रासायनिक औषध घ्यायचीच वेळ आली तर लेबलवर वांग्याचं नाव आणि तोडणीआधी थांबायचे दिवस वाचा. चार-पाच दिवसांनी तोडा असलेल्या झाडावर दहा दिवस थांबायचं औषध मारून उपयोग काय?

एखादं झाड अचानक झुडपासारखं होतं, पानं बारीक, गुच्छ-गुच्छ, फुलं नाहीत. हा पर्णगुच्छ. तुडतुडे तो पसरवतात. त्याच दिवशी उपटा. जरा वाट बघू म्हणणाऱ्याची पुढे दहा झाडं जातात.

मिरचीचं रोप जूनच्या सुरुवातीला टाकून जुलैच्या मध्यावर लागवड, २ बाय दीड फूट, पोपटी तिखट जातीची. भरिताला पंधरा झाडं पुष्कळ, उरलेल्या वाफ्यात झेंडू लावा. पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी, हे ढोबळ लक्षण बहुतेक वेळा बरोबर निघतं.

भुईमूग जूनच्या अखेरीस, वाफ्यावर तीन ओळी, १० इंच बाय ४ इंच. दोन वाफ्यांना ३०० ग्रॅम दाणे. काळ्या मातीत भुईमूग लावू नये असं म्हणतात. येतो चांगला, पण उपटताना शेंगा मातीत राहतात, म्हणून काढणीच्या आदल्या दिवशी हलकं पाणी द्यायचं. आऱ्या, म्हणजे शेंगा धरायला जमिनीत शिरणारे देठ, सुटायच्या वेळी किलोभर जिप्सम ओळीत टाकून माती लावायची, आणि त्यानंतर खुरपं बंद. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोहाची कमतरता. मातीत लोह असतं, चुनखडीमुळे आणि साचलेल्या पाण्यामुळे ते मुळांना मिळत नाही. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम लिंबूसत्व, पानांवर फवारा. सरी मोकळी करून साचलेलं पाणी काढा, नाहीतर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

पातीसाठी बी पेरू नका. चाळीतले कोंब आलेले बारीक कांदे २० ऑक्टोबरच्या आसपास ४ इंचांवर लावा, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत गड्डी बांधण्याजोगी पात येते. धणे रगडून दोन फाकी करायचे, बारा तास भिजवायचे आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर पेरायचे. त्याआधी घाई केली तर मातीच्या उष्णतेत निम्मे उगवत नाहीत. लसणाची पाकळी टोक वर करून, एक इंच खोल, ४ इंचांवर. चंपाषष्ठीला तिची नुसती पात मिळते. गड्डे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात, तोवर ठेचायला मागच्या वर्षीचा लसूण.

नोव्हेंबरात फळं लागली की झाडाला आधार लागतो. अर्धा किलोचं एक वांगंही फांदी जमिनीला टेकवतं, आणि जमिनीला टेकलेलं फळ ओल्या बाजूने कुजतं. मागच्या हंगामातल्या तुरीच्या काट्या दोन बाजूंनी रोवून सुतळीने बांधतो. पहिल्या फाट्याखालचे फुटवे काढून टाकायचे. तोडा चार-पाच दिवसांनी. साल चकाकत असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला तर वांगं तोडायचं. खळगा तसाच राहिला आणि साल निस्तेज झाली तर आत बी धरलं, भरीत कडवट लागणार. ओढू नका, कात्रीने इंचभर देठ ठेवून कापा. भाजताना वांगं फिरवायला तोच देठ कामी येतो. वांगी नीट सांभाळली तर हंगामात झाडामागे ३ ते ४ किलो, पण चार जणांच्या घराला ४४ झाडं फार होतात, हे आधीच सांगून ठेवतो. शेजाऱ्यांना वाटण्याची तयारी ठेवा किंवा वीसच झाडं लावा.

काट्यांचा जाळ मोठा लागतो आणि पटकन बसतो, त्यात वांगं सालीसकट भाजून निघतं. गॅसवर वांगं होतं, पण धुराचा वास येत नाही. भाजलेलं वांगं लाकडी बडगीत ठेचायचं. मिक्सरला लावलं तर ते चिकट होतं.

बी स्वतःचं धरायचं असेल तर डिसेंबरातच झाड निवडा: अळी कमी, फळ मोठं, काटे कमी, रेघा स्पष्ट. फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी त्यावर मलमलची छोटी पिशवी बांधा. वांग्यात किडे परपराग आणतात आणि शेजारच्या वाट्यात जांभळं वांगं असलं तर तुमचं बी बिघडतं. फळ धरल्यावर पिशवी काढा, देठाला लाल दोरा बांधा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, नाहीतर कोणीतरी ते भरिताला तोडतंच. दोनेक महिन्यांनी फळ पूर्ण पिवळं होतं. आणखी आठवडाभर सावलीत ठेवून कापा, गर पाण्यात रात्रभर भिजवून चोळा. वर तरंगतं ते फेका, खाली बसलेलं बी धुऊन सावलीत कापडावर वाळवा. दातांत तुटताना कट्ट आवाज आला की ते वाळलं. काचेच्या बरणीत भरून चिठ्ठीवर जात, महिना आणि साल लिहा. मार्चअखेर झाडं मुळासकट उपटून जाळतो. मुळांवर गाठी दिसल्या तर त्या वाफ्यांत पुढची तीन वर्षं वांगं, मिरची, टोमॅटो काहीच लावत नाही.